वीतभर उंच स्तंभ

एका राज्यात राजवाड्याच्या पायऱ्या थेट समुद्रात उतरत असत, आणि भरतीच्या वेळी लाटा सिंहासनापर्यंत येऊन राजाचे पाय धुवून जात. राजाचे नाव उदग्रसेन. प्रजा सुखी, कोठारे भरलेली, राणी इरावती शहाणी. तरी राजाला सुख नव्हते. कारण खाडीपलीकडे त्याचा मावसभाऊ भद्रकेतू राज्य करीत होता. उदग्रसेनाने सात मजली मनोरा बांधला, तर भद्रकेतूने आठ मजली बांधला. उदग्रसेनाने पांढरा हत्ती आणला, तर भद्रकेतूने दोन आणले आणि त्यांची मिरवणूक मुद्दाम खाडीच्या काठाने काढली.

एके सकाळी भद्रकेतूचे गलबत बंदरात शिरले. स्वतःच्या नव्हे, उदग्रसेनाच्या बंदरात! तोफ उडाली आणि दूत गर्जला, "ऐका हो ऐका! पश्चिम समुद्रापलीकडे नवी भूमी सापडली. भद्रकेतू महाराजांनी स्वहस्ते तेथे शिलास्तंभ रोवला आहे. स्तंभापासून सूर्य मावळतो तेथवर सारे त्यांचे!"

गलबतावर पिसांचे मुकुट घातलेली सात माणसे दोरखंडाने बांधून उभी केली होती. ती बंदराकडे पाहत नव्हती. जिकडून आणली गेली, तिकडे पाहत होती.

त्या दिवसापासून राजाला अन्न गोड लागेना. राणी म्हणाली, "स्वामी, आपल्याकडे काय कमी आहे?"

"माझ्याकडे कमी काहीच नाही," राजा म्हणाला, "पण त्याच्याकडे जास्त आहे."

त्याने भद्रकेतूच्या स्तंभाची उंची दूताकडून काढून घेतली, त्याहून वीतभर उंच स्तंभ घडवला, गलबतात घातला आणि सारंगधर तांडेलाला सुकाणूवर बसवून स्वतः निघाला. वाटेत शेवाळाचा समुद्र लागला. त्याने गलबत नऊ दिवस धरून ठेवले आणि दहाव्या दिवशी सोडले. पुढे होकायंत्राची सुई दिशा सोडून राजाच्या छातीकडे वळली. सारंगधराने हात जोडले, "महाराज, आपण नाळीवर उभे राहावे." राजा नाळीवर, गलबताच्या अगदी टोकाला, उभा राहिला, तेव्हा सुई पश्चिमेला ठरली.

नवी भूमी आली. नदीच्या मुखाशी भद्रकेतूचा स्तंभ उभा होता. उदग्रसेनाने त्याच्या शेजारी आपला रोवला, उजवा हात त्यावर ठेवला आणि म्हणाला, "ही भूमी माझी!"

तत्क्षणी त्याचा हात मनगटापर्यंत दगडाचा झाला.

"तूही आलास?" असा क्षीण आवाज आला. पहिल्या स्तंभाच्या पलीकडे, त्याला टेकून, भद्रकेतू बसला होता. पायांपासून छातीपर्यंत तो दगड झाला होता. उजवा हातही दगडाचा. केवळ मान आणि डावा हात जिवंत होता. त्याला तसे पाहून उदग्रसेनाला आनंद झाला. मग त्याला आपल्या हाताची आठवण झाली.

अरण्यातून एक वृद्धा आली. तिच्या खांद्यावर तांबडा पोपट होता. ती आपल्या भाषेत बोले आणि पोपट ते राजांच्या भाषेत सांगे.

"ही कुयारी, या नदीकाठची मुख्य. ती म्हणते, या मातीवर 'माझी' म्हणणारा हात दगड होतो, आणि दगड रोज वर चढतो. हा शाप तिच्या आज्यांच्याही आधीचा आहे."

"उतारा?" उदग्रसेनाने विचारले.

"तीन कामे. पहिले: डोंगरावरच्या झऱ्याचे पाणी आण आणि स्वतः पिण्याआधी याला पाज."

उदग्रसेन डोंगर चढला. कोरड्या घशाने भोपळाभर पाणी घेऊन उतरला आणि तोंड वाकडे करून त्याने ते भावाच्या ओठांना लावले.

"दुसरे: याच्याविषयी एक खरी गोष्ट सांग, जी तू कधी कुणाला सांगितली नाहीस."

राजा भावाकडे न पाहता म्हणाला, "लहानपणी खाडीत पोहताना माझ्या पायात गोळा आला. याने मला ओढून काढले. घरी मी सांगितले की मीच याला वाचवले."

भद्रकेतू म्हणाला, "आणि माझ्या आईने तुझ्या हातात सोन्याचे कडे घातले. मी दारामागून पाहत होतो."

"तू खरे का सांगितले नाहीस?"

"कडे तुझ्या हातात गेले होते. मग त्याहून मोठे काहीतरी मिळवावे, असे मी ठरवले. ते गलबतही मी येथून तुझ्याच बंदरात पाठवले. तू ऐकले नसतेस, तर मला या भूमीचा काय उपयोग होता?"

पोपट म्हणाला, "तिसरे काम दोघांचे. प्रत्येकाने आपला स्तंभ आपल्या हाताने उपटावा."

"आधी याने," उदग्रसेन म्हणाला.

"आधी याने," भद्रकेतू म्हणाला.

तीन दिवस दोघे समोरासमोर बसून राहिले. दगड उदग्रसेनाच्या खांद्यावर पोचला आणि भद्रकेतूच्या गळ्याशी आला. तरी भद्रकेतूची दृष्टी शेजारच्या स्तंभावरच्या त्या एका वितीवर खिळलेली होती. त्याच्या मागे एवढे अरण्य होते, एवढी नदी वाहत होती, आणि त्याने ती एकदाही पाहिली नव्हती. आपणही पाहिली नाही, हे उदग्रसेनाला उमगले.

तो उठला. डाव्या हाताने माती उकरू लागला. नखे फुटली, रक्त आले. संध्याकाळी स्तंभ कलला आणि नदीत कोसळला. त्याच्या हातावरचा दगड चुन्यासारखा गळून पडला.

आता भद्रकेतूचा स्तंभ एकटाच उभा होता. भद्रकेतूच्या ओठांवर हसू आले. तेवढ्यात दगड हनुवटीशी चढला.

उदग्रसेनाच्या काळजात पुन्हा ठिणगी पडली. पण तो भावाच्या शेजारी बसला आणि म्हणाला, "तुझा उंच आहे. मी पाहतो आहे. जिंकलास."

भद्रकेतूचे हसू मावळले. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. जिवंत राहिलेल्या एका हाताने तो आपल्या स्तंभाच्या बुडाची माती उकरू लागला. उदग्रसेनाला हात लावता येत नव्हता. तो केवळ पाणी आणून देत राहिला. स्तंभ पडला, आणि भद्रकेतू पाय पसरून लहान मुलासारखा रडला.

कुयारी बोलली आणि पोपटाने सांगितले, "आमची सात माणसे."

दोघे भाऊ एकाच गलबतातून परत गेले. सातांपैकी पाचच जिवंत होती. दोघे परक्या हवेत वारले होते, आणि त्यांना कोणताही उतारा परत आणू शकला नाही. पाचांना घेऊन दोन्ही राजे पुन्हा तो समुद्र ओलांडून आले. नदीच्या मुखाशी माणसे उतरली. कुयारीने एकेकाचा चेहरा दोन्ही हातांत धरून पाहिला. मग आणखी दोघांची वाट पाहत ती गलबताकडे बघत राहिली. कोणी उतरले नाही.

राजे गुडघाभर पाण्यात उभे होते. उदग्रसेनाने विचारले, "आई, आम्ही उतरू का?"

पोपटाने विचारले. कुयारीने उत्तर दिले.

"आज नको," पोपट म्हणाला.

दोघांनी मान लववली आणि शीड फिरवले. त्यानंतर त्या नदीमुखाशी जो कोणी आला, तो आधी पाण्यात उभा राहून विचारू लागला; कधी होकार मिळाला, कधी नाही, आणि कोणाचाही हात पुन्हा दगड झाला नाही.