पपईचे दोन देठ

एकदा एक म्हातारे मास्तर खाटेला खिळले. डॉक्टरकीच्या पोरांना रक्ताची वाट शिकवण्यात त्यांचा जन्म गेला, आणि आता त्यांच्याच काळजाकडे जाणारी नळी बुजत चाललेली. कापाकापी सोसायचं वय उरलं नव्हतं.

त्यांचा लाडका शिष्य, आता मोठा डॉक्टर, तपासणीचे फोटो बघून आला. दारातच त्यानं तोंड हसरं करून घेतलं.

"मास्तर, नळी अजून निम्मी रुंद आहे. रक्ताला थोडा जोर जास्त लागेल, एवढंच. कुंदाताईलाही फोनवर तेच सांगितलं. म्हटलं, दिवाळीला ये सावकाश."

कुंदा म्हणजे मास्तरांची एकुलती लेक, लांब परमुलखात नांदणारी.

मास्तर म्हणाले, "परसातून पपईच्या पानांचे दोन देठ आण. एक जाड, एक त्याच्या निम्म्यानं बारीक. आणि चीक नीट धू बाबा, उगाच माझ्या मरणाचं खापर तुझ्यावर नको."

म्हाताऱ्याला भ्रम झाला, असं शिष्याला वाटलं. तरी त्यानं आणले. मास्तरांनी ताकाचे दोन पेले मागवले, जाड देठ आपण घेतला, बारीक त्याला दिला. "ओढ. बघू कोण जिंकतं!"

बघता बघता मास्तरांचा पेला रिकामा, मिशी पांढरी. शिष्याचे गाल आत गेले, डोळे बाहेर आले, पेला मात्र तसाच.

"काय रे, निम्मी रुंद आहे ना? मग माकडासारखं तोंड का करतोस?"

शिष्यानं मान खाली घातली. "मास्तर, रुंदी निम्मी झाली की अडथळा दुप्पट नाही होत. सोळापट होतो."

"दोन दुणे चार, चार दुणे आठ, आठ दुणे सोळा. गाढवा, मीच शिकवलं हे तुला. विसरला असतास तर कान पिळला असता. पण तू विसरला नाहीस, मला जपायला निघालास." मास्तरांचा आवाज खाली आला. "मला फसव. मी फसल्याचं सोंगही करीन. पण माझी लेक तुझ्या शब्दावर दिवाळीची वाट बघत बसलीय रे. ती येईल तेव्हा या खाटेवर कोण असेल?"

शिष्यानं तिथंच फोन लावला. "ताई, मी खोटं बोललो. आजच नीघ."

मग शिष्य त्या बारीक देठानं उरलेलं ताक ओढत राहिला, मास्तर दाराकडे बघत राहिले.

कुंदा पोचली तेव्हा त्यांच्यात बोलायचं बळ नव्हतं. डोळे मात्र उघडे होते. तिनं हात हातात घेतला, तसा शिष्य पाय न वाजवता परसात निघून गेला.

आपल्या माणसाला धीर खुशाल द्यावा, पण त्याच्या निरोपाची वेळ चोरू नये.