करवंटीभर समुद्र

एका राज्यात भाताची रोपे वीतभर वाढत आणि पिवळी पडत. राजा वज्रसेनाचा मांत्रिक कालदंड शेतांवर तेजोभस्म टाकवी, तरी पीक करपे. मग तो म्हणे, "भस्म कमी पडले." पुढच्या वर्षी दुप्पट. अशी तीन वर्षे गेली. दरबारातल्या शंभर शहाण्यांना हे दिसत होते. एकानेही तोंड उघडले नाही.

चौथ्या वर्षी कोठारात एकच पायली बियाणे उरले. ते राजवाड्यामागच्या वाफ्यात पेरले. तेही पिवळे पडू लागले. वाफा गेला, की राज्य उपाशी.

तेव्हा किनाऱ्यावरची कोळीण जोमाय दरबारात आली. म्हणाली, "महाराज, जाळ्यात आलेले शेवाळ आम्ही माडांच्या बुंध्याशी झटकतो. राज्यात तेवढीच जागा हिरवी आहे."

कालदंड हसला. "मासळीच्या वासाची बाई शेती शिकवणार?"

"भस्माच्या वासाने तीन वर्षे शिकवली. भात कुठे आहे?"

राजा म्हणाला, "वाफा तुझ्या हाती. करपला, तर तुझी वस्ती किनाऱ्यावर राहणार नाही."

जोमाय समुद्राकडे गेली. खडकावरचा कुरव पक्षी तिच्याशी बोलला. "तीन गोष्टी. खडकावरचे शेवाळ तोडू नकोस, समुद्राने आपण होऊन टाकलेलेच उचल. त्यात मिठाचा कण ठेवू नकोस. आणि ते उकळून केलेल्या एक करवंटी काढ्याला शंभर करवंट्या पाणी घाल."

"तिसरी तर सोपी आहे."

"तुला सोपी आहे. ती राजाने करायची आहे."

तिने तीन दिवस पुळण पालथी घातली. सात वेळा गोड्या पाण्यात शेवाळ धुतले, शेवटचे पाणी चाखून पाहिले. मंद आचेवर उकळले, फडक्यातून गाळून हंड्यात भरले.

वाफ्याशी तिने राजाला माप सांगितले. राजाने हंडा पाहिला आणि करवंटी पाहिली. "एवढेच? माझे राज्य मरते आहे. सगळे ओततो!" त्याने हंड्याला हात घातला.

"ओता, महाराज," कालदंड गोड आवाजात म्हणाला. "औषधच आहे ना?"

जोमायने हंड्याचा काठ धरला. "तीन वर्षे दुप्पट ओतलेत. एकदा कमी ओतून बघा."

जन्मात त्याने कोणतीही गोष्ट मोजून दिली नव्हती. मग त्याने हंडा सोडला, करवंटी बुडवली, शंभर करवंट्या पाण्यात मिसळली आणि स्वतः शिंपडली.

सात दिवस काही झाले नाही. शहाणे कुजबुजले. आठव्या सकाळी रोपांना पांढरी मुळे फुटली, पाती हिरवी झाली. त्याच क्षणी कालदंडाच्या हातातला दंड भस्म होऊन गळाला. पीक करपवणारा शाप त्या दंडात होता; हात जितके जास्त ओती, तितके दंडाला बळ येई, आणि राजाने मोजून ओतल्याने ते संपले. कालदंड वेशीबाहेर गेला तो गेलाच.

दोन वर्षांत त्या वाफ्याचे भात राज्यभर डोलू लागले.

"काय मागतेस?" राजाने विचारले.

जोमाय म्हणाली, "मला काही नको. या शंभरांना एकदा विचारा, ते गप्प का होते."

राजाने विचारले. शंभर माना खाली गेल्या. मग राजाने ती करवंटी सिंहासनाच्या वर टांगली. पुढे कोणी "महाराज, अजून थोडे टाकू या" म्हणाले, की तो मान वर करून तिच्याकडे बघे, आणि बोलणारा खाली बसे.