खातूबीला घातलेली हाक

खाडीवर पूल नव्हता आणि पैलतीरावरच्या कोटावर फिरंग्याचं निशाण फडकत होतं, त्या काळची ही गोष्ट. अल्याडच्या काठावर मुसलमानांचा मोहल्ला होता, पल्याड कोटाच्या आडोशाला किरिस्तावांची वाडी. मोहल्ल्यात खातूबी नावाची सुईण राहायची. तिच्या हाताला असा गुण होता, की आडवं आलेलं मूलही तिचा हात लागला की आपणहून वळायचं, असं म्हणतात. दोन्ही काठांवरची पोरं तिच्याच हातावर जन्मली. मोठी झाल्यावर ती एकमेकांच्या होड्या जाळायला निघाली, तो काही तिचा दोष नव्हे.

एका वर्षी फिरंग्यांनी मोहल्ल्याची गलबतं भर समुद्रात अडवली आणि जाळली. त्यातल्या एकावर खातूबीचा नवरा होता. तेव्हापासून खाडीतली ये-जा बंद झाली. आणि नेमक्या त्याच दिवसांत पल्याडचा पास्कू कोळी होडी घेऊन तिच्या दारात येऊन उभा राहिला. त्याची बायको कातरीन कालपासून अडली होती.

लोक म्हणाले, "जाऊ नको. तुजा घरवाला कुणी मारला, इसरलीस?"

"इसरले नाय," खातूबी म्हणाली. "पन त्या पोटातल्या पोरानं माजं काय केलंय?" आणि ती होडीत जाऊन बसली.

मूल झालं, पण निळं पडलेलं. श्वास नाही. बाप्तिस्मा न होता मूल गेलं तर त्याच्या जिवाला कधी उजेड दिसत नाही, अशी वाडीत समजूत होती. पाद्री जवळ नसेल तर अशा घडीला कुणीही बाप्तिस्म्याचं पाणी घालावं, एवढी मुभा पाद्र्यानंच दिलेली. पास्कू पाद्र्याला आणायला कोटाकडे धावला होता. कातरीनला तर मानही उचलवत नव्हती.

"खातूबी, तूच पानी घाल गं," ती म्हणाली. "मी सांगतंय तसं बोल."

खातूबीनं तांब्या उचलला. पाण्याला हात लावताना जन्मभर जे म्हटलं, तेच आधी तोंडून आलं, "बिस्मिल्ला." मग कातरीन एकेक शब्द सांगत गेली आणि खातूबी म्हणत गेली. टाळूवरून पाणी ओघळलं आणि मूल असं रडलं, की कोटावरच्या पहारेकऱ्यानं दचकून घंटा वाजवली, असं म्हणतात.

गोष्ट इथंच संपली असती तर किती बरं झालं असतं! पण धावत आलेल्या पाद्र्यानं सगळं ऐकून घेतलं आणि तो म्हणाला, "हे शब्द तू बोललीस बाई, आता तू आमची. इथंच राहा."

"मी त्या पोरासाटी बोलले, माज्यासाटी नाय," असं सांगून खातूबी परत आली, तर मोहल्ल्याच्या तोंडाशी अलीसाहेब उभे. ते जमातीचे मुखिया. माणूस वाईट नव्हता, पण त्या गलबतांवर त्यांचाही मुलगा जळाला होता.

ते म्हणाले, "फिरंग्याचे बोल बोलून आलीस. मशिदीच्या अंगनात सगळ्यांसमोर कलमा पढ, मंगच घरात पाय ठेव."

"चाचा, कलमा मी रोज पढते. पन तुमी सांगता तसा पढले, तर मी तो सोडला होता असं होईल. मी कुटं गेलेच नाय, तर परत कशी येऊ?"

यात तिचाही ताठा होता. दोन शब्द बोलली असती तर काय बिघडलं असतं, असं आमच्या आया अजून हळहळून म्हणतात. ती बोलली नाही. खाडीच्या मधोमध कांदळवनाचं एक बेट होतं, तिथं झोपडी बांधून राहिली. तिच्या झोपडीपुरतं खाडीचं पाणी गोडं झालं, असं म्हणतात. पण बाळंतपणाला तिला ना अल्याडचं कुणी बोलवेना, ना पल्याडचं.

पुढच्या वर्षी अलीसाहेबांची लेक जुलेखा माहेरी आली. तीही खातूबीच्याच हातावर जन्मलेली. भल्या सकाळी कळा सुरू झाल्या आणि पोर अडली. "खातूबीला बोलवा," एवढंच ती म्हणत राहिली. खाडीवर बातमी लपत नाही. खातूबी बेटाच्या टोकाशी येऊन उभी राहिली, काठावरून सगळ्यांना दिसली. पण बोलावल्याशिवाय सुईणीनं बाळंतिणीचा उंबरा ओलांडायचा नाही, ही इथली रीत. न बोलावता आलेली सुईण मूल घेऊन जाते, असं मानायचे.

अलीसाहेब काठावर आले. एक हाक पुरली असती. त्यांचे ओठ हलायचे, पण आवाज फुटत नव्हता. त्यांना वाटत होतं, तिनं आधी एक शब्द बोलावा. तिला वाटत होतं, त्यांनी नुसतं नाव घ्यावं. उन्हं डोक्यावर आली, उन्हं कलली. दोघं तशीच समोरासमोर उभी. मग घरातलं कण्हणं थांबलं.

तेव्हा अलीसाहेब ओरडले, "खातू, ये गं!"

होडीची वाट न बघता ती भर भरतीच्या पाण्यावरून चालत आली आणि तिचे घोटेही भिजले नाहीत, असं म्हणतात. पण जुलेखा गेली होती, आणि मूलही. खातूबीनं तिला अंघोळ घातली, कफन चढवलं, बाळ तिच्या कुशीत ठेवलं.

"मी हाक मारायला पायजे होती," अलीसाहेब म्हणाले.

"मी पन न बोलवता यायला पायजे होतं," ती म्हणाली. मग ती खाडीत उतरली. ती बेटावर पोचलेली कुणी पाहिली नाही, आणि पुन्हा कुठंच दिसली नाही.

आता पूल झालाय, दवाखानाही झालाय. तरी आजही दोन्ही काठांवर कुणा बाईला कळ आली, की घरातला सगळ्यात वडीलधारा पुरुष खाडीवर जातो आणि मोठ्यानं हाक घालतो, "खातूबी, ये गं!" मोहल्ल्यातला घालतो, वाडीतलाही घालतो. रिक्षातून दवाखान्यात निघालेले पुलावर घटकाभर थांबून हाक घालतात आणि मग पुढं जातात. त्यात कुणी लाजत नाही. ती येते की नाही, कुणाला ठाऊक नाही. हाक मात्र पहिल्या कळेलाच घालायची, दुसरीची वाट बघायची नाही.