उघड्या पोटाची घोळ

खारशेतच्या कोळीवाड्यात शिरलात की पहिल्याच घरापासून भिंतींवर मासे सुरू होतात. गेरूने सारवलेली भिंत, आणि तिच्यावर तांदळाच्या ओल्या पिठाने, नुसत्या बोटाने काढलेल्या सुरमया, पापलेटं, एकमेकांच्या अंगावर पडलेले बोंबील. चुलीजवळच्या भिंतीवर मात्र एकच मासा, हातभर लांबीची घोळ. खवला न् खवला काढलेली. शहरातली माणसं तिचे फोटो काढतात आणि मग कुणीतरी विचारतोच, "मावशी, एवढं छान काढलंय, पण पोटाची रेघ अर्धीच का सोडलीय? पीठ संपलं का?"

पीठ संपत नाही. बसा. आतलं कालवण उकळायला अजून वेळ आहे आणि त्याच्या वासाने तुम्ही दारात रेंगाळताय हे मला कळतंय. मी या घरची नाही, शेजारची आहे. पण घरच्यांना ठाऊक नसतं ते शेजारणीला ठाऊक असतं. ही हकिगत माझ्या सासूने तिच्या सासूकडून ऐकलेली.

फार मागे, खाडीवर धक्काही नव्हता तेव्हा, इथे सोनकू नावाची कोळीण राहायची. नवरा लवकर गेलेला. एकुलता एक मुलगा, हाशा. या हाशाचा कान मोठा तिखट होता, असं सांगतात. वल्ह्याचं एक टोक पाण्यात सोडून दुसऱ्याला कान लावायचा. खाली घोळींचा थवा असला की दांड्यातून आवाज येतो, कुणी लाकडावर बोटं वाजवावीत तसा. हाशाला तो आवाज सगळ्यांच्या आधी ऐकू यायचा. दर्यावरून परतला की उंबऱ्याबाहेरूनच ओरडायचा, "आये, जेवण झालं का?"

त्याची बायको देवकू. हिच्या हातात कला होती. कुठल्याही लग्नघरची भिंत तिच्याशिवाय रंगत नसे. ती पोटुशी राहिली आणि त्याच हंगामात हाशाची होडी गेली. होडीची फळी किनाऱ्याला लागली. हाशा नाही लागला. त्याचं काहीच नाही लागलं.

सोनकूने घरातली विळी आढ्याला टांगली आणि दर्याकडे तोंड करून शपथ घेतली, "ज्या म्हावऱ्यानं माज्या पोराला खाल्लं, ते माज्या चुलीवर चढणार नाय." म्हावरं म्हणजे आमची मासळी. कोळणीच्या घरात म्हावरं नाही म्हणजे काय ते तुम्हाला नाही कळायचं. पण तिला बोलणार कोण? तिचं म्हणणं ऐकून बायकांच्याही घशात घास अडकायला लागला म्हणे.

इकडे देवकूला डोहाळे लागले, ते नेमके म्हावऱ्याचे. "आये, बोंबलाचा एक तुकडा दे गो. नुसता चाटून ठेवते."

"नवरा गिळलेल्या दर्याचं चाटतेस? जीभ झडंल तुजी."

शेजारणी पदराआड लपवून तळलेला तुकडा आणायच्या, तर सोनकू दारात एकेकीचे हात हुंगायची. शेवटी देवकूने मागणं सोडलं आणि भिंतीवर मासे काढायला घेतले. पेजेसाठी भिजवलेल्या तांदळातले मूठभर वाटायची, एकेक मासा काढायची, आणि त्याच्याकडे बघत पेजेचा घोट घ्यायची. सुरमईचा घोट, पापलेटाचा घोट. सोनकूने पाहिलं, पण पुसलं नाही. बघण्याविरुद्ध तिची शपथ नव्हती.

मग चुलीजवळ देवकूने घोळ काढली. तिची पोटाची रेघ शेपटीला जाऊन मिळाली, आणि भिंतीतून आवाज आला. टक्. टक् टक्.

सोनकूने भिंतीला कान लावला. बाहेर खाडीत भरती चालली होती, आणि आतून, पाण्याखालून यावा तसा आवाज आला म्हणे, "आये, जेवण झालं का?"

देवकू भिंतीपासून मागे सरकली. सोनकू मात्र हसली. हाशा गेल्यापासून पहिल्यांदा हसली. "थांब हां पोरा," म्हणाली, "जाऊ नको कुठं."

तेव्हापासून तिला दुसरं काही उरलं नाही. रोज सकाळी पीठ कालवून ती घोळीच्या पोटाची रेघ पुन्हा ओढायची. रेघ फिकी झाली तर पोर निघून जाईल, ही एकच धास्ती. पिठावर पीठ चढून ती रेघ दोरखंडाएवढी जाड झाली. भरतीला भिंतीला ओल यायची, चाखली तर खारट. देवकूला ती बांगड्या उतरवू देत नसे. नवरा घरातच आहे म्हणायची. आणि दर भरतीला आतून तोच प्रश्न यायचा. पुढेपुढे तर तो आवाज फार बारीक झाला, उपाशी माणसाचा असतो तसा. देवकू कानांत कापसाचे बोळे घालून, भिंतीकडे पाठ करून निजायची. शेजारणींनी त्या घरात डोकावणं सोडलं. आमच्या वाड्यात शेजारणींनी डोकावणं सोडलं म्हणजे गोष्ट साधी नाही, हे लक्षात घ्या.

दिवस भरले, देवकूला कळा लागल्या, पण मूल काही येईना. मानकू नावाच्या सुईणीला बोलावलं. अडलेल्या बाईच्या घरात बांधलेलं, झाकलेलं काही ठेवू नये, ही आपली जुनी रीत. मानकूने देवकूची वेणी सोडली, दाव्यांच्या गाठी सोडल्या, मडक्यांवरची झाकणं काढली, आढ्याला टांगलेली विळीसुद्धा सोडवली. दुपार कलली. देवकूचे ओठ पांढरे पडले.

"सोनकू," मानकू म्हणाली, "या घरात अजून काय बंद हाय?"

"काय नाय."

"खोटं बोलू नको. पोर जाईल, आईसकट जाईल."

तेव्हा देवकूच बोलली, दातांत पदर धरलेला तो सोडून. "आये, तुजा पोर आत हाय, माजा पण आत हाय. तू कोणालाच येऊ देत नाय गो."

सोनकू भिंतीपाशी गेली. कान लावला. भरती पुरी चढली होती. आतून प्रश्न आला. रोज ती "थांब" म्हणायची. त्या दिवशी म्हणाली, "झालं रं बाबा, जेवण झालं. ऊठ आता." आणि पदर ओला करून तिने घोळीचं पोट पुसलं.

भिंतीतून पाणी सुटलं, असं सांगतात. खारं पाणी, त्यात चार-दोन खवले. ते जमिनीवरून उंबऱ्यापर्यंत गेलं, आणि उंबऱ्याबाहेरच्या धुळीत ओली पावलं उमटली. दर्याच्या दिशेने जाणारी. परत येणारं पाऊल एकही नव्हतं. त्याच वेळी आत मूल रडलं. मुलगी झाली.

सोनकू दिवेलागणीपर्यंत भिंतीला कान लावून बसली. नुसती माती होती. मग उठली, विळी उचलली आणि शेजारी गेली. "मुशी हाय का गो कुणाकडं? बाळंतिणीला दूध यायला पायजे." घरी आणून तिने ती मुशी, तुम्ही लहान शार्क म्हणता ती, विळीवर धरली. बायका दारात उभ्या राहून बघत होत्या. तिने पोट फाडलं, बोट घालून आत नीट बघितलं. चार कोळंब्या होत्या. दुसरं काही नव्हतं.

मग तिने खोबरं वाटलं, लसूण ठेचला, चिंच घातली. देवकूला ताट दिलं, आणि दुसरं स्वतःला वाढून घेतलं.

आजही खारशेतमध्ये सून पोटुशी राहिली की सासू चुलीजवळ घोळ काढते आणि पोटाची रेघ उघडी ठेवते. आजही कुणाचं माणूस दर्यात राहिलं, तर त्या घरात म्हावरं शिजत नाही. पण किती दिवस, ते घरचे ठरवत नाहीत, शेजारीण ठरवते. ती एका सकाळी ताजं म्हावरं घेऊन जाते. मी दोनदा नेलंय. आईच्या हातात द्यायचं आणि दारात उभं राहायचं, बोलायचं नाही. ती पोट फाडते. आत बघते, कितीही वेळ लागो. मग हात धुते आणि विचारते, "तू जेवूनच जाशील ना गो?"

तेव्हा हो म्हणायचं.