मालनताईंचा खांब

दोन्ही हात सोडून, डोकं खाली करून, नुसत्या मांड्यांच्या जोरावर तुम्ही कधी लटकला आहात का?

मिरजेत मालनताईंच्या हॉलवर बायका हे रोज करतात. ताईंनी तीस वर्षं मुलींना दोरीचा मल्लखांब शिकवला. साठीला आल्यावर त्यांनी हॉलमध्ये स्टीलचा पोल बसवला, आणि त्यावरचा नाच आधी स्वतः शिकल्या, मग शिकवू लागल्या.

उद्या सकाळी पहिला जाहीर कार्यक्रम होता. हॉलमध्ये नुसता गलका चालला होता. कुणी गाणं लावून बघत होतं, कुणी केसांना पिना लावत होतं, आणि शांत बसायचं कुणाच्या मनातच नव्हतं.

केतकी सगळ्यांत तयारीची. वय चोवीस, अंग वेतासारखं. ती ताईंपुढे उभी राहिली आणि म्हणाली की फरीदाआपा आणि शरयू यांना मागच्या रांगेत ठेवा. आपांचं पोट सुटलंय. आणि शरयू पूर्वी मुलगा होती हे सगळ्या गावाला माहीत आहे, लोक कुजबुजतील. कार्यक्रमाची शोभा जाईल.

दोघी तिथंच होत्या. दोघींनी ऐकलं.

ताई म्हणाल्या, “उलटी पकड करून दाखव. जमली की कोण कुठं ते तू ठरव.”

केतकीचे डोळे चमकले. तिनं हाताला खडूची पूड चोळली आणि सरसर वर गेली. मांड्या आवळल्या, हात सोडले...

आणि घसरत खाली आली.

“आपांनी पोल पुसलेला नाही,” ती म्हणाली.

“तू पूस.”

तिनं स्पिरिटनं पोल पुसला. वर गेली, घसरली. ताई पुन्हा म्हणाल्या, पूस. पुन्हा तेच झालं. चौथ्या वेळी तर तिनं खडूची पूड काळ्या लेगिंगवरच फासली. बायकांना हसू आवरेना. पोलवर चढायचं तर अंगाला क्रीमसुद्धा लावून यायचं नाही, हे पहिल्या दिवशीच शिकवतात. उघडं अंग लागलं तरच पकड बसते. आणि ही कापडाला पूड लावत होती.

शरयूनं गादी ओढून बरोबर तिच्याखाली आणली.

“पड की बिनधास्त. गादी जाड आहे, आणि धरणारी तिच्याहून जाड आहे.”

केतकी हसली नाही.

ताईंनी फरीदाआपांना खूण केली. आपा बावन्न वर्षांच्या. त्या धापा टाकत चढल्या, पोल काखेत घेतला, उघड्या पोटाशी दाबला आणि हळूच दोन्ही पाय मोकळे सोडले. सगळ्या ठेक्यावर टाळ्या वाजवू लागल्या.

“कुठनं धरलंय, आपा?” ताईंनी खालून विचारलं.

“पोटानं, बाई. वीस वर्षं ओढणीखाली झाकलं, आज कामाला आलं.”

टाळ्या थांबेनात. त्या गडबडीत केतकी ताईंच्या अगदी जवळ आली.

“ताई, मला लेगिंग काढता येत नाही.”

ताई तिला भिंतीपाशी घेऊन गेल्या.

“मांडीवर व्रण आहेत. हॉस्टेलवर असताना... झोप यायची नाही. माझ्याच हातानं केलेत.”

“आता?”

“आता नाही. दीड वर्ष झालं.”

“डॉक्टरकडे जातेस?”

“दर महिन्याला. गोळ्याही चालू आहेत.”

“जात राहा. गोळ्या मनानं बंद करू नकोस.”

“घरी आईशिवाय कुणाला माहीत नाही. उद्या समोर दोनशे माणसं असतील, ताई. माझ्याकडे बघून काय म्हणतील?”

ताईंनी तिचा हात धरला आणि तिला पोलपाशी नेलं. वर आपा अजून लटकत होत्या, लाल तोंडानं हसत होत्या. शरयू खाली गादी धरून वर बघत होती.

“ह्या दोघींबद्दल मघाशी तू काय म्हणालीस?”

केतकीनं मान खाली घातली.

मग ती शरयूजवळ जाऊन बसली आणि गादीचं दुसरं टोक धरलं. शरयूनं थोडं सरकून तिला जागा दिली. आपा धप्पकन दोघींच्या मधे उतरल्या आणि म्हणाल्या, “अगं, पाणी द्या कुणीतरी, मी तरंगून आलेय.”

आता मात्र केतकीला हसू फुटलं, आणि डोळ्यांतून पाणीही आलं.

“ताई, मी उद्या चढू का नको?”

“ते तू ठरव. चढलीस तरी माझी, खाली बसलीस तरी माझीच.”

“पण तसल्या मांड्यांनी...”

ताईंनी पोलवरून तळवा फिरवला.

“खांबाला उघडी कातडी लागते. चांगली लागते, असं तो मला तरी कधी म्हणाला नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आपा आणि शरयूनंतर केतकी शॉर्ट्स घालून पोलवर चढली आणि तिनं दोन्ही हात सोडले.