गाठोड्याखालचा चेहरा

एकदा एका मिशन इस्पितळाचे वृद्ध मुख्य डॉक्टर निवृत्त व्हायला निघाले. रोगी तर रोगी, झाडूवालेसुद्धा त्यांना 'बाबा' म्हणत. असा मान काही मागून मिळत नसतो. आपल्या जागी त्यांनी प्रबोध नावाच्या शिष्याला तयार केले होते. प्रबोध हुशार, सचोटीचा, पण घड्याळाचा भारी भक्त.

धुलाईघरातल्या राहेलबाईंच्या चादरी महिनाभर उशिरा येत होत्या. एकदा तर शस्त्रक्रियेचा रोगी अर्धा तास ताटकळला. प्रबोधचे डोके फिरले. बावीस वर्षांच्या नोकरीतून बाईंना काढण्याचे पत्र त्याने लिहिले आणि बाबांपुढे सहीला ठेवले.

बाबांनी ते नीट वाचले. "उद्या बघतो," एवढेच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजून गेले तरी चादरींचा पत्ता नाही. प्रबोध शस्त्रक्रिया विभागाच्या दारात घड्याळाकडे बघत उभा. वीस मिनिटांनी भले मोठे गाठोडे डुलत डुलत आले. तो कडाडला, "आजही उशीर! लाज कशी वाटत नाही?"

गाठोडे खाली उतरले. त्याखाली घामाने निथळणारे बाबा!

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे प्रबोधला झाले. "बाबा, तुम्ही? या वयात?"

"अरे, तुझं बरोबर आहे, उशीर झालाच," बाबा भिंतीला टेकून हसले. "राहेलबाईंना आज घड्या घालायला बसवलं आणि गाठोडी मी वाहिली. गेल्या महिन्यात तू धुलाईघराकडचं मधलं दार बंद केलंस ना, पाहुण्यांना गाठोडी बरी दिसत नाहीत म्हणून? आता अख्ख्या इमारतीला वळसा घालून चढ चढावा लागतो. बाईंनी तुला दोनदा सांगितलं, तुला ती सबब वाटली. आणि खरं सांगू? कागदावर ते पत्र मलाही पटलं होतं. ज्याचं जळतं त्याला कळतं, बाळा. म्हणून तर प्रभू स्वर्गातून नुसते हुकूम सोडत बसला नाही; आपल्यासारखा देह घेऊन आपल्याच धुळीत चालला, दमला, तहानला. चार माणसांचा मुख्य व्हायचं, तर आधी त्यांची वाट चालून बघावी. मग त्या पत्राचं काय करायचं ते तूच ठरव."

धन्य तो म्हातारा! नुसता रागावला असता, तर प्रबोधने क्षमा मागून विषय संपवला असता.

प्रबोधने स्वतः जाऊन दाराचे कुलूप काढले. मग धुलाईघरात सर्वांदेखत म्हणाला, "राहेलबाई, चूक माझी होती. तुमच्या पोटावर पाय द्यायला निघालो होतो मी."

बाईंनी घडी घालायची चादर त्याच्यापुढे धरली. "दार उघडलं ना? मग झालं तर! अहो साहेब, नुसते उभे काय राहता? हे चादरीचं दुसरं टोक धरा."

त्याने ते धरले, आणि त्या दिवशी इस्पितळाला नवा मुख्य मिळाला.