मानाचा दगड

डोंगराच्या पायथ्याशी दाट जंगल होतं आणि त्या जंगलात एक तांबडा घोडा राहत असे. धावणं हा त्याचा जीव की प्राण! दर वर्षी पळस फुलला की तिथे अडथळ्यांची शर्यत भरे. आडवे पडलेले ओंडके, करवंदीच्या जाळ्या आणि सगळ्यात शेवटी दगडगोट्यांनी भरलेला खोल ओढा, हे सगळं उड्या मारून पार करायचं. घोडा झेपावला की बघणाऱ्या माकडांच्या हातातली फळं हातातच राहत. सांबर आणि नीलगाय मागून धापा टाकत येत.

शर्यतीचा पंच होता कोल्हा. जन्मात साधा ओंडकाही न ओलांडलेला! घोड्याचा जयजयकार ऐकून त्याच्या पोटात दुखू लागलं. एकदा तो गोड आवाजात म्हणाला, "घोडेराव, तुम्ही तर जंगलाचं भूषण! म्हणून आम्ही ठरवलंय, जिंकणाऱ्याने पुढच्या शर्यतीत पाठीवर मानाचा दगड घेऊन धावायचं."

आता तुम्हीच सांगा मुलांनो, दगडात कसला आलाय मान? पण घोडा भोळा. त्याची छाती फुगली आणि त्याने आपणहून पाठ पुढे केली. हत्तीने सोंडेने दगड ठेवला, माकडांनी तो वेलींनी घट्ट बांधला. घोडा तरीही जिंकला. मग पुढच्या वर्षी आणखी एक दगड. तो पुन्हा जिंकला, पुन्हा एक दगड वाढला. सांगायला कोल्हा, उचलायला हत्ती आणि वाहायला घोडा! शर्यतीनंतर त्याचे गुडघे ठणकत, पण तो हूं की चूं करत नसे.

ओढ्यातल्या म्हाताऱ्या कासवाला ते बघवेना. ते म्हणालं, "अरे बाळा, माझ्या पाठीवरचं ओझं जन्माचं आहे. तू का घेतलंस?"

"आजोबा, चारचौघांत मान नाकारणं बरं दिसत नाही," घोडा म्हणाला.

अखेर व्हायचं तेच झालं. त्या वर्षी घोड्याने सगळ्या जाळ्या पार केल्या, ओढ्यावर झेप घेतली, पण दगडांनी त्याला मागे खेचलं. पुढचे पाय काठाला लागले, काठाची माती ढासळली आणि तो धाडकन ओढ्यात पडला. नीलगाय त्याच्या वरून उडी मारून पुढे गेली. आणि काल टाळ्या पिटणारे सगळे आज काय म्हणाले? "संपला हो घोडा!" "वय झालं त्याचं!" "डोक्यात हवा गेली होती!" एकानेही त्याच्या पाठीकडे बघितलं नाही. चीड येते की नाही?

कोल्ह्याने नीलगायीला विजयी ठरवलं. तिने घाबरत विचारलं, "पुढच्या वर्षी दगड मला घ्यावा लागेल का?"

"छे छे! तो नियम आजपासून बंद," कोल्हा हसत म्हणाला.

ते ऐकलं मात्र, घोड्याच्या डोळ्यांवरची झापडं गळून पडली. तो ओढ्यातूनच ओरडला, "हत्तीदादा, माझ्या पाठीवरचे दगड काढा! आणि त्यातला सगळ्यात लहान दगड पंचांच्या पाठीवर ठेवा. मान त्यांनाही मिळू दे!"

हत्तीला ते दगड कधी जड वाटलेच नव्हते. आता वेली तोडून दगड उतरवल्यावर घोड्याची सोललेली पाठ पाहून तो खजील झाला. त्याने लहान दगड उचलला आणि पळू पाहणाऱ्या कोल्ह्याच्या पाठीवर ठेवला. कोल्ह्याचे चारही पाय चार दिशांना फाकले. "मेलो, मेलो! काढा हो कुणीतरी!"

घोडा थरथरत उभा राहिला. "कोल्होबा, हा तर पहिला दगड. असे कितीतरी घेऊन मी उड्या मारत होतो आणि तुम्ही सावलीत बसून निकाल देत होतात."

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. कोल्ह्याचं पंचपद त्याच क्षणी गेलं. पण घोड्याचा गुडघाही कायमचा गेला होता, तो काही परत आला नाही. पुढे दर वर्षी पळस फुलला की तो लंगडत ओढ्याकाठी येई, दुसऱ्यांच्या उड्या बघे, आणि कुणी कुणाच्या पाठीवर काही ठेवायला निघालं की असा खिंकाळे की ठेवणाऱ्याचे हात जागच्या जागी थांबत.

तात्पर्य : गुणवंताच्या पाठीवर ओझं लादून वर त्याच्या वेगाला नावं ठेवणं हा अन्याय आहे, आणि मानाच्या नावाखाली पहिला दगड पुढे आला की, "हा कशासाठी?" असं तिथेच विचारावं.